कॅमेरा हाती घेतलेले संशोधन

संशोधन आधी होते आणि माहितीपट नंतर, निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी, असा समज सर्रास आढळतो. सामाजिक संशोधनात मात्र चित्रीकरण हीच अभ्यासाची पद्धत असू शकते. प्रश्न, निरीक्षण आणि पडताळणी हे सारे कॅमेऱ्याच्या साहाय्याने घडते.

१९६० च्या उन्हाळ्यात मानवशास्त्रज्ञ जाँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एडगर मोरँ यांनी पॅरिसमध्ये हेच केले. रस्त्यावरच्या माणसांना ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे विचारले गेले. कामगार आणि विद्यार्थी आपल्या जगण्याविषयी बोलले. पुढे हे चित्रीकरण त्या सहभागींनाच दाखवले. कुणाला ते खोटे वाटले, कुणाला नको इतके उघडे. ही प्रतिपुष्टी (ज्यांचा अभ्यास झाला त्यांनीच नोंदींवर दिलेले मत) ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ या १९६१ च्या माहितीपटातच आहे आणि तोच त्याचा सर्वांत मोलाचा भाग.

कॅमेऱ्यासमोर माणसे वेगळी वागतात, मग पुरावा खरा कसा? शंका रास्त आहे. पाहुणे आले की घरातले बोलणे बदलते. पण काय झाकले, काय पुढे केले, यावरूनही घर कळते. कॅमेऱ्यामुळे घडणारा असा बदल रूश यांनी अभ्यासाचाच विषय मानला.