मधुमेह : नसांचा फोटो निघतो का?

मधुमेहाचे रुग्ण तपासताना एक प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. ‘‘डॉक्टरसाहेब, पायाला मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. एकदा नसांचा फोटो काढून टाकू का?’’ काहीजण तर एक्स-रे किंवा कमरेचा एमआरआय हातात घेऊनच येतात. त्यात काही निघाले नाही की मंडळी निर्धास्त होतात. खरा धोका इथेच आहे.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. कमरेच्या मणक्यात नस दाबली गेली असेल तर एमआरआयमध्ये ते कळते. परंतु मधुमेहाचा घाला बहुतेक वेळा प्रथम पडतो तो वेदना आणि उष्ण-थंड यांची जाणीव देणाऱ्या सूक्ष्म मज्जातंतूंवर. केसाहूनही कितीतरी बारीक असे हे धागे या फोटोंत येत नाहीत. मज्जातंतूंतील विजेचा वेग मोजणारी तपासणीसुद्धा जाड तंतूंचीच परीक्षा घेते. त्यामुळे सुरुवातीला तीही नॉर्मल येऊ शकते. पूर्वी या बारीक तंतूंसाठी कातडीचा सुमारे तीन मिलिमीटरचा तुकडा काढून तपासावा लागे.

मग हे तंतू दिसतच नाहीत का? दिसतात, पण पायात नव्हे, डोळ्यात! नेत्रदानात जो पारदर्शक पडदा उपयोगी पडतो, त्या पारपटलात अशा तंतूंचे दाट जाळे असते. डोळ्यात कण गेला की जीव कासावीस होतो तो यामुळेच. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील डॉ. रयाझ मलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवून दिले की, कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाने पारपटलाचे चित्र घेतले तर मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानी ओळखता येते. बधिरतेचे थेंब घालून काही मिनिटांत काम होते, कापाकापी नाही. काळसर पार्श्वभूमीवर पांढरे धागे दिसतात. हानी झालेल्या रुग्णात ते विरळ व आखूड होतात, फांद्या कमी होतात. स्वादुपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत सहा महिन्यांत हे तंतू पुन्हा वाढू लागल्याचेही याच पद्धतीने 2007 मध्ये दिसून आले.

तरीही या तपासणीसाठी मोठ्या शहरात धाव घेण्याचा सल्ला मी देणार नाही. तिचा उपयोग अजून मुख्यतः संशोधनात होतो, आणि डोळ्याच्या इतर विकारांतही हे तंतू घटतात.

आपल्या कामाची तपासणी अगदी साधी आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, आणि कंप पाहण्यासाठी एक चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क. (कुष्ठरोगाचे काम करणाऱ्यांना असा धागा नवा नाही.) डोळे मिटून बसायचे आणि तळव्याला धागा टेकल्याचे कळते का ते सांगायचे. प्रौढपणी होणाऱ्या, टाइप 2 मधुमेहात निदान होताच, आणि टाइप 1 मध्ये पाच वर्षांनंतर ही तपासणी सुरू करून दरवर्षी करावी. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर रक्तातील बी-12 जीवनसत्त्वही पाहून घ्यावे. त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात.

आणखी एक. आग आपोआप थांबली म्हणजे पाय बरा झाला असे समजू नका. कधी कधी जाणीवच गेलेली असते. असा पाय खिळा रुतला तरी बोलत नाही, जखम चिघळते आणि पाय कापण्याची पाळी येते. तेव्हा रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा; वाकता येत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवरही अनवाणी जाऊ नका, जाड मोजे घाला. आणि पुढच्या खेपेस दवाखान्यात गेलात की डॉक्टरांनी सांगण्याची वाट न पाहता चपला काढून पाय पुढे करा.