परोपजीवी गांधीलमाश्यांची तितिक्षा

कीटभ्रमर-न्याय आमच्या बहुतेक वाचकांच्या ऐकण्यांत असेल. भ्रमरानें कीटकास आपल्या घरट्यांत कोंडावें, त्या कीटकानें भयानें भ्रमराचेंच अखंड ध्यान करावें, आणि शेवटीं स्वतः भ्रमर होऊन बाहेर पडावें, असा हा दृष्टांत वेदान्तग्रंथांत वारंवार येतो. दृष्टांत म्हणून तो आपलें काम चोख बजावतो. परंतु घरट्यांत प्रत्यक्ष जें घडतें तें निराळें आहे. कुंभारीण माशी अळीला नांगी मारून बधिर करिते, तिला मातीच्या घरट्यांत आपल्या अंड्याजवळ ठेविते, आणि दार लिंपून निघून जाते. अंड्यांतून निघालेलें माशीचें पोर ती शिदोरी खाऊन वाढतें. बाहेर पडणारा भ्रमर हा त्या कीटकाचा अवतार नसून त्याचा भक्षक होय.

याच कुळांतील कांहीं माश्या याहीपुढें गेल्या आहेत. त्या घरटें बांधण्याच्या खटाटोपांतच पडत नाहींत. दुसऱ्या कीटकाचें शरीर, त्याचा कोश किंवा त्याचें अंडें हेंच त्यांच्या पोरांचें घर आणि तेंच अन्न. यांस परोपजीवी गांधीलमाश्या म्हणतात. यांतील कांहींची लांबी एक मिलिमीटरही भरत नाहीं. अशा इवल्याशा जिवाला कडाक्याची थंडी व भाजून काढणारें ऊन हीं दोन्ही सोसावीं लागतात. मनुष्याप्रमाणें त्याचें रक्त सदा सारखें उष्ण राहत नाहीं. बाहेरची हवा जशी, तसेंच बहुतेक त्याचें शरीर. शिवाय पोर परक्याच्या देहांत कोंडलेलें असल्यामुळें तें ऊन सोडून सावलीला जाऊं शकत नाहीं. शीतोष्णादि द्वंद्वें सोसण्यास शास्त्रकारांनीं तितिक्षा हें नांव दिलें आहे. ही तितिक्षा या माश्यांस कोणत्या उपायांनीं साधते, हें आतां पाहूं.

प्रथम थंडीचा विचार करूं. कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत गव्हाच्या काडींत शिरून ती पोखरणारी एक कीड आहे. ब्रेकॉन सेफाय नांवाची गांधीलमाशी त्या किडीवर जगते. तिची अळी सबंध हिवाळा गव्हाच्या वाळक्या काडींत कोश करून काढते, आणि तेथील हिवाळा म्हणजे नद्या गोठविणारा. १९५९ सालीं आर. डब्ल्यू. सॉल्ट या संशोधकानें या अळीसंबंधीं एक निबंध प्रसिद्ध केला. हिवाळ्याच्या तोंडाशीं या अळीच्या शरीरांत ग्लिसरीन सांठत जातें व वसंत ऋतु आला कीं तें नाहींसें होतें, असें त्याला आढळलें. थंडीनें ओठ फुटले असतां घरोघर लावतात तेंच हें ग्लिसरीन! साधें पाणी ज्या थंडींत गोठतें त्या थंडींत साखरेचा दाट पाक गोठत नाहीं. ग्लिसरीनमिश्रित रक्ताचीही तीच गोष्ट. त्यांतच, बर्फाचा पहिला कण जमण्यास कारण न मिळालें तर द्रव पदार्थ आपल्या गोठणबिंदूच्या खालींही कांहीं काळ द्रवच राहतो. या दोहोंच्या योगानें ही अळी शून्याखालीं सुमारें ४७ अंश सेंटिग्रेडपर्यंत न गोठतां राहूं शकते.

दुसरा उपाय म्हणजे वेळ ओळखून झोपीं जाणें. नासोनिया नांवाची माशी मांसावरील माश्यांच्या कोशांत अंडीं घालते. डी. एस. साँडर्स यांनीं १९६५ सालीं दाखवून दिलें कीं, या जातींत शरदृतूची चाहूल पोरांना नव्हे, तर आईला लागते. दिवस लहान होऊं लागले कीं तिनें घातलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या पूर्ण वाढून तेथेंच थांबतात. त्यांची पुढील वाढ वसंतापर्यंत तहकूब राहते. पोरांनीं दिवसाची लांबी पाहिलेलीही नसते! पुढें येणाऱ्या दिवसांची तरतूद आईनें आधींच करून ठेवावी, हें आमच्या वाचक-भगिनींस नवें वाटूं नये.

तिसरा उपाय अधिकच चमत्कारिक आहे. बटाट्याच्या झाडावरील माव्यावर जगणारी आफिडियस निग्रिपेस नांवाची माशी आहे. ब्रॉडर व मॅक्नील या कॅनडांतील संशोधकांनीं १९८९ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, ज्या माव्याच्या पोटांतील अळी हिवाळी झोंप घेणार असते, तो मावा मरण्यापूर्वीं झाड सोडून आडोशाच्या जागीं जातो. पाय माव्याचे, परंतु चाल आंतील बिऱ्हाडकरूची!

थंडीशीं असा मुकाबला करणाऱ्या या माश्या उष्णतेपुढें मात्र पुष्कळदां हात टेकतात. ऊन वाढलें असतां त्यांच्या शरीरांतही, इतर प्राण्यांप्रमाणेंच, विशेष प्रकारचीं प्रथिनें तयार होतात व बिघडूं पाहणाऱ्या इतर प्रथिनांस तीं सांवरून धरितात. पण या संरक्षणालाही मर्यादा आहे. अमेरिकेंत तंबाखूच्या पानांवर एक मोठी हिरवी अळी येते, व तिच्या पोटांत कोटेशिया कॉन्ग्रेगाटा नांवाची माशी अंडीं घालते. तेथील प्रयोगांत असें दिसलें कीं, जी उष्णता अळी सोसूं शकते, तिनेंच पोटांतील माशीचीं पोरें मरून जातात. मग अशा कांहीं अळ्या खातच राहतात व नेहमीपेक्षांही मोठ्या होतात. त्यांचा पतंग बहुधा होत नाहीं, परंतु पानें तर फस्त होतातच.

येथें हा विषय केवळ कौतुकाचा राहत नाहीं. पृथ्वीचें तापमान वाढत आहे व उन्हाच्या लाटा अधिक तीव्र होत आहेत. अशा वेळीं पाहुणा आधीं मेला व यजमान तगला, तर पिकांचा एक फुकटचा राखणदार गेला असें समजावें. महाराष्ट्रांत उंसाच्या खोडकिडीविरुद्ध ट्रायकोग्रामा नांवाच्या सूक्ष्म माश्या सोडतात. या माश्यांनीं पोखरलेलीं पतंगाचीं अंडीं कागदावर चिकटवून तीं ट्रायकोकार्डें शेतांत पानांच्या खालच्या बाजूस लावितात. आणि हें काम सकाळीं वा सायंकाळीं, ऊन नसतांनाच करावें असा सल्ला देतात. कारण उघड आहे: भर दुपारच्या उन्हांत हे शिपाई लढाईपूर्वींच पडतील. म्हणून बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं पिढ्यान् पिढ्या निवड करून कीटकनाशकें व उष्णता दोन्ही सोसणारें ट्रायकोग्रामाचें वाण तयार केलें आहे. परंतु रानांतील असंख्य जातींची अशी निगा कोण राखणार?

त्यांच्यासाठीं आपण एवढें करूं शकतों कीं, बांधावरचीं झाडें तोडूं नयेत आणि सरसकट विषारी फवारे मारूं नयेत. सावली व फुलांतील मध हे या माश्यांचे मोठे आधार आहेत. आणि परसांत एखाद्या अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोश दिसले, तर तीं अळीचीं अंडीं समजून तिला चिरडूं नये. तिच्या अंगावरचे ते कोश आमच्या भाजीच्या राखणदारांचेच असतात. अळी तिथेंच राहूं द्यावी.