अठराव्या वर्षानंतरचे घर

बालगृहात वाढलेल्या मुलांचे, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांना संस्थेचा निरोप मिळाला म्हणजे, पुढे काय होते, असा प्रश्न या मासिकाच्या संपादकांनी मला विचारला. आणि त्याचे उत्तर सरकारी दफ्तरात शोधण्याआधी ते चालत्या-बोलत्या रूपात पाहावे, म्हणून पुण्याच्या एका उपनगरातील तीन खोल्यांच्या घरात मी गेलो. तेथे सहा तरुण एकत्र राहतात. सहाही जण निरनिराळ्या जिल्ह्यांतील बालगृहांतून आलेले; कोणी आयटीआयमध्ये वायरमनचे शिक्षण घेत आहे, कोणी औषधांच्या दुकानात कामाला आहे, एक जण रात्रीच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकतो. घराचे भाडे एक लहानशी संस्था भरते आणि प्रत्येकाने आपल्या कमाईतून दरमहा वाढता वाटा द्यावा असा तेथील शिरस्ता आहे. दारावर पाटी नाही, रात्री राहणारा काळजीवाहक नाही, आणि दाराच्या किल्ल्या सहा आहेत.

आपल्या प्रांतात निराधार मुलांसाठी संस्था काढण्याची परंपरा जुनी आहे. डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा मुंबईत १८५७ साली निघाली; मुंबई इलाख्याचा बालक कायदा १९२४ साली झाला, आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. आज लागू असलेल्या २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ४६ व्या कलमात, संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यास अर्थसाहाय्य देता येईल असे म्हटले आहे, आणि २०१६ च्या आदर्श नियमांतील पंचविसाव्या नियमात या अनुरक्षणाचा तपशील आहे: एकवीस वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत त्यापुढे आणखी दोन वर्षे, आधार द्यावा, सहा ते आठ जणांच्या गटाने वस्तीत तात्पुरते एकत्र राहण्याची सोय करावी, शिक्षणकाळात विद्यावेतन द्यावे, आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक नेमावा. मी पाहिलेले घर या नियमाच्या एका ओळीतून उभे राहिले आहे.

परंतु नियमाची ती ओळ आणि प्रत्यक्ष संसार यांच्यामध्ये जे अंतर आहे ते तोडण्याचे काम ज्या बाई करतात, त्यांच्याविषयी मला विस्ताराने लिहिले पाहिजे. सारे त्यांना ताई म्हणतात. आठवड्यातून दोनदा त्या येतात, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी खुर्ची ओढून बसतात, आणि शक्य तितके कमी बोलतात. मुलगा पहिल्यांदा येथे येतो तेव्हा तो पहाटे पाच वाजता जागा होतो, कारण आयुष्यभर त्या वेळी घंटा झालेली असते, आणि घंटा नसतानाही अंथरुणावर ताठ बसून राहतो. त्याहून चिवट सवय परवानगीची. मी बसलो असताना नुकताच आलेला एक मुलगा दारात उभा राहून म्हणाला, ‘‘ताई, मी खाली जाऊन येऊ का?’’ ताईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, ‘‘मला का विचारतोस रे? तुझ्याकडे किल्ली आहे ना?’’ तो क्षणभर गोंधळला, मग गेला. हा प्रश्न काही मुले कित्येक महिने विचारीत राहतात आणि ताई दर वेळी तेच उत्तर देतात, असे मला नंतर कळले.

बालगृहात मुलाचे पोट भरते, अंग झाकले जाते, शाळा होते, आणि ज्या संस्थेने हे इतक्या मुलांसाठी केले तिचे ऋण मोठेच आहे. तथापि शंभर मुलांचा कारभार शिस्तीवाचून चालत नाही, आणि त्या शिस्तीत मुलाला एकही निर्णय स्वतः घ्यावा लागत नाही. मुदपाकखान्यात पाऊल टाकण्याची मनाई असते, म्हणून दोघांना किती तांदूळ लागतात हे त्याला माहीत नसते. या घरात आलेल्या एकाने पहिल्या दिवशी सहा जणांसाठी एवढा भात रांधला की तो तीन दिवस पुरला. दुधाचा हिशेब, विजेचे बिल, आजारी पडल्यास कोणत्या दवाखान्यात जावे, वरच्या मजल्यावरच्या आजींनी आवाजाची तक्रार केली तर काय बोलावे, हे सारे इतर मुले आईबापांच्या घरात वावरताना नकळत उचलतात. या मुलांना ते अठराव्या वर्षानंतर, एकेक करून, मुद्दाम शिकावे लागते.

ताईंच्या पद्धतीचा गाभा एका वहीत आहे. सहा जण आळीपाळीने घरखर्च लिहितात. ताई ती वही वाचतात, प्रश्न विचारतात, आणि लेखणी हातात घेत नाहीत. एका महिन्यात वाढदिवसाच्या मेजवानीवर आणि एकाच्या नव्या मोबाइलच्या हप्त्यावर सामायिक पैसे गेले, आणि वीस तारखेच्या सुमारास गॅस संपला. संस्थेकडून सिलिंडर मागवणे ताईंना अवघड नव्हते; तशी गळही त्यांना घालण्यात आली. ‘‘काय करायचं ते तुम्ही बसून ठरवा, मी इथेच आहे,’’ एवढे म्हणून त्या खुर्चीवर बसून राहिल्या. त्या रात्री भांडण झाले, काही दिवस वडापावावर निघाले, आणि पुढच्या महिन्यापासून पगार होताच गॅसचे पैसे वेगळ्या डब्यात पडू लागले. मदत हाताशी असताना ती न करता बसून राहणे, आणि तरीही मुलाला आपण टाकले गेलो असे वाटू न देणे, हे किती कठीण असेल याची कल्पना मला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आली. चूक करण्यास जागा आहे आणि चुकीने छप्पर जात नाही, अशी खात्री प्रत्येक तरुणाला बापाच्या घरी असते. ती या मुलांना मिळवून देणे हेच या घराचे खरे कार्य होय.

आता अडचणींकडे वळतो, आणि त्या थोड्या नाहीत. पहिली कायद्याच्या शब्दांतच आहे. साहाय्य ‘देता येईल’ असे कलम म्हणते. ते दिलेच पाहिजे असे म्हणत नाही. मुदत संपण्यापूर्वी दोन महिने पुनर्वसनाचा आराखडा बालकल्याण समितीपुढे किंवा बालन्याय मंडळापुढे जावा असा नियम आहे, परंतु परिवीक्षा अधिकाऱ्याच्या माथ्यावर इतकी प्रकरणे असतात की आराखडा कित्येकदा एका कागदी अर्जापुरता उरतो, आणि मुलगा पिशवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्यासाठी कोणताच हुकूम झालेला नसतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा माणशी ४,००० रुपयांची तरतूद आहे. पुण्यासारख्या शहरात खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण एवढ्यात भागत नाही.

दुसरी अडचण कागदांची. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवले, ही मोठीच गोष्ट. पण त्याचा लाभ अनाथ प्रमाणपत्रावर अवलंबून असतो, आणि ज्याच्या जन्माची नोंद कोठेच नाही, ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे, त्याला त्या एका कागदासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. रहिवासाचा पुरावा म्हणून बालगृहाचा पत्ता होता. तो सुटला की शिधापत्रिकेपासून बँकेच्या खात्यापर्यंत सारे डळमळते.

मुलींची स्थिती अधिक बिकट आहे. मुलीचे लग्न लावून दिले की पुनर्वसन झाले, ही जुनी समजूत अनेक ठिकाणी अजून गेलेली नाही. त्यामुळे नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी राहू इच्छिणाऱ्या मुलीला असे एकत्र राहण्याचे घर मिळणे मुलांहून दुर्मीळ. आणि ज्यांना एकट्याने जगणे शक्यच नाही अशा दिव्यांग मुलांचा प्रश्न तर या नियमाच्या चौकटीत मावतच नाही. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अशा मुलांना स्वतःचे नाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही त्यांना आश्रमातच राहू देणारा कायदा व्हावा, अशी मागणी वर्षानुवर्षे केली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली; मागणीचा पाठपुरावा त्यानंतरही त्यांना करावाच लागला.

सर्वांत मोठी अडचण मात्र सरकारच्या हाती नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, आणि मुदत संपताच घरमालक किंवा सोसायटीचे चिटणीस विचारतात, की ही मुले कोणाची, यांच्यामागे कोण आहे. मी पाहिलेल्या घरातील तरुणांनी अशा प्रश्नामुळे यापूर्वी एक जागा सोडली आहे. भाडे वेळेवर दिलेले होते, पोलीस पडताळणी झालेली होती, तक्रार कसलीच नव्हती; त्यांना आईबाप नाहीत एवढेच कारण पुरेसे ठरले.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. ज्यांची एखादी जागा रिकामी आहे त्यांनी ती अशा गटाला रीतसर भाड्याने द्यावी; ज्यांच्याजवळ जागा नाही त्यांनी आपल्या सोसायटीच्या सभेत असा अर्ज आला तर त्याच्या बाजूने हात वर करावा; आणि ज्यांना तेही जमण्यासारखे नसेल त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे जाऊन अनुरक्षणासाठी इच्छुक व्यक्तींच्या यादीत आपले नाव नोंदवावे. ही यादी ठेवण्याची तरतूद त्याच पंचविसाव्या नियमात आहे.