वेताळाची थट्टा, थोडक्या खर्चात

रक्तपिपासू पिशाच्चाचा विनोदी सिनेमा थोडक्या पैशांत निघू शकतो, कारण त्यातली बरीच गंमत पिशाच्चाला बांधणाऱ्या नियमांत असते. ऊन सोसत नाही, बोलावल्याखेरीज घरात पाऊल टाकता येत नाही, आरशात प्रतिबिंब पडत नाही, हे सगळे प्रेक्षकाला पाठ असते. तेच नियम रोजच्या संसारात आणून सोडले की हसू फुटते. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये जेमेन क्लेमेंट आणि तायका वाइतीती यांनी केलेला ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ (2014) हा त्याचा उत्तम नमुना. एका घरात राहणारी पिशाच्चे रक्ताळलेली भांडी घासायची पाळी कोणाची यावरून भांडतात. आरसा निरुपयोगी, म्हणून एकमेकांची चित्रे काढून कपडे कसे दिसतात ते दाखवतात. त्यातला एक टापटिपीचा. तो आधी पाहुणीभोवती वर्तमानपत्रे पसरतो, मग दात नेमके मोठ्या धमनीत रुततात आणि सगळीकडे रक्ताच्या चिळकांड्या उडतात.

भारतात या पिशाच्चाचा जवळचा नातलग वेताळ. रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ केले; स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी त्यानंतर, 1897 मध्ये आली. वेताळ मात्र मुळातच बोलका. प्रेतात शिरून राजाच्या खांद्यावर बसायचे आणि त्याला कोड्यात पकडायचे, हा त्याचा उद्योग.

वेताळकथेतली ही थट्टा ज्या कलाकृतीने सर्वांत नेमकी पकडली, तिचे धागे धारवाडला जातात. मात्र ती सिनेमा नसून नाटक आहे. गिरीश कार्नाड 1938 मध्ये माथेरानला जन्मले, शिकले धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, आणि त्यांची नाटके छापणारी मनोहर ग्रंथमालाही धारवाडचीच. त्यांचे ‘हयवदन’ (1971) वेताळकथेवर आणि तिच्यावरून थॉमस मानने लिहिलेल्या कादंबरिकेवर उभे आहे. कालीच्या देवळात दोन मित्र आपापली मुंडकी उडवतात आणि त्यांतल्या एकाची बायको पद्मिनी घाईत ती एकमेकांच्या धडांवर बसवते. प्रसंग अंगावर काटा आणणारा, पण प्रकट झालेली काली जांभया देत असते. तिला झोपमोड झाल्याचा वैताग अधिक. मुंडक्यांची अदलाबदल दाखवायला मुखवटे पुरतात. इतक्या अल्प साधनांत भय आणि हसू एकाच क्षणी उभे करणे हे फार मोठे काम आहे.

सिनेमात, हिंदीतल्या रामसे बंधूंना अशी काटकसर साधली होती. ‘दो गज जमीन के नीचे’ (1972) त्यांनी महाबळेश्वरला केला आणि कामे घरच्या घरी वाटून घेतली. ‘बंद दरवाजा’त (1990) अनिरुद्ध अग्रवालने ड्रॅक्युलाच्या वळणाचा रक्तपिपासू उभा केला. त्यांच्या चित्रपटांत विनोदही असे, पण बहुधा वेगळ्या कप्प्यात. ‘पुराना मंदिर’मध्ये (1984) जगदीप ‘शोले’ची नक्कल करतो, आणि तेवढा वेळ भूत थांबून राहते.

मराठीत हा कप्पा महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने (1993) मोडला. त्यातला खलनायक तात्या विंचू रक्त पीत नाही, पण मेल्यावरही जिवंतांना छळतो, आणि तेही बोलक्या बाहुल्यात शिरून. रामदास पाध्ये यांच्या त्या बाहुल्याच्या एकाच तोंडातून धमकी आणि विनोद दोन्ही बाहेर पडतात. पुढे ‘झोंबिवली’ (2022) करणाऱ्या आदित्य सरपोतदार यांनी 2025 च्या दिवाळीत हिंदी ‘थामा’तून रक्त पिणारे बेताळच विनोदी पडद्यावर आणले, तोवर खर्चाचे मान मात्र पार बदलले होते.