सुगीच्या दिवसांत मजूर कोणाचा?

जबलपूरहून कटनीकडे जाताना सिहोरा रोड हे स्थानक लागते. सिहोरा हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण. आसपास गहू आणि भाताची शेती, जमिनीत लोहखनिज आणि गावागावांत मोलमजुरीवर जगणारी कुटुंबे, असे या भागाचे सर्वसाधारण चित्र आहे. जबलपूर, दमोह आणि सागर हा सारा पट्टा विडी उद्योगासाठीही ओळखला जातो. त्यामुळे येथील भूमिहीन मजुराला वर्षभर एकच काम नसते. पेरणी-कापणीला शेत, उन्हाळ्यात तेंदूपाने, उरलेल्या दिवसांत विडी किंवा सरकारी कामावरील मातीकाम, असे त्याचे वर्ष विभागलेले असते.

या वर्षातील साठ दिवसांचा प्रश्न आता नव्याने उपस्थित झाला आहे. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर 2025 मध्ये संमत केला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला मिळणाऱ्या हमीच्या कामाचे दिवस 100 वरून 125 करण्यात आले आहेत. मात्र पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण साठ दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. शेतीला मजुरांची टंचाई भासू नये, हा त्यामागील हेतू सांगण्यात आला.

हा विचार या भागाला नवा नाही. मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात जबलपूर व सागर हे हिंदीभाषक जिल्हे विदर्भातील मराठी जिल्ह्यांसह एकाच शासनाखाली होते. या प्रांताच्या विधिमंडळाने 1948 मध्ये एक कायदा केला. विडी उद्योग असलेल्या भागांत शेतीसाठी पुरेसे मजूर उपलब्ध व्हावेत, हे त्याचे उद्दिष्ट होते. शेतीचा हंगाम कोणता, हे जिल्ह्याच्या उपायुक्तांनी ठरवावयाचे आणि त्या काळात ठरवून दिलेल्या गावांतील कोणीही विडी वळावयाची नाही, असे त्याचे स्वरूप होते. महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईचे ते दिवस होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

सागरच्या उपायुक्तांनी जून 1950 मध्ये असा मनाई आदेश काढला. त्याविरुद्ध एक विडी कारखानदार आणि एक विडी कामगार, असे दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. मालक आणि मजूर एकाच बाजूने उभे राहावेत, ही गोष्ट न्यायालयाच्या इतिहासात तशी दुर्मीळच. चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने हा खटला ओळखला जातो. राज्यघटना लागू होऊन एक वर्षही झाले नव्हते. न्यायालयाने नोव्हेंबर 1950 मध्ये ही मनाई व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काशी विसंगत ठरवली.

निकालातील युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू न्यायालयाने अमान्य केला नाही. परंतु गावातील प्रत्येक जण शेतात राबू शकत नाही, याकडे त्याने लक्ष वेधले. वृद्ध स्त्रिया, अपंग आणि दुर्बल व्यक्ती यांना नांगरणी किंवा कापणी झेपत नाही. विडी मात्र बसल्या जागी वळता येते. अशांचेही काम बंद करून शेतीचा काय लाभ होणार? केवळ शेतमजुरांपुरता निर्बंध घालता आला असता, किंवा विडीच्या कामाचे तास ठरवून देता आले असते, असेही न्यायालयाने सुचवले.

विकसनशील देशांच्या श्रमबाजाराची मोठी अडचण नेमकी येथे दिसते. सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावर जन्मलेले आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये असे मांडले की, अशा देशांत शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून असतात आणि त्यांना उद्योगाकडे वळवल्यास शेतीचे उत्पादन घटत नाही. वर्षाची सरासरी घेतली तर हे पटते. पण शेती सरासरीवर चालत नाही. वर्षातील अनेक महिने हाताला काम नसते आणि सुगीच्या दोन-चार आठवड्यांत मात्र हात कमी पडतात. इंग्रजी मसुद्यातील रुक्ष शब्दांपेक्षा आपला ‘सुगी’ हा शब्द हे अधिक नेमके सांगतो. कारण मजुराच्या दृष्टीने हेच दिवस मजुरी वाढवून मागण्याचे असतात. त्या दिवसांत दुसरे काम नसेल, तर मागण्याचे बळही उरत नाही. शेतकऱ्याची बाजूही खोटी नाही. पिकाचा भाव त्याच्या हातात नसतो आणि कापणी लांबली तर उभे पीक हातचे जाते.

महाराष्ट्राचा अनुभव येथे उपयोगी पडतो. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली आणि 26 जानेवारी 1979 पासून तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. या योजनेवरील हजेरी उन्हाळ्यात वाढत असे आणि पावसाळ्यात शेतीची कामे सुरू झाली की आपोआप उतरत असे. शेतात बरी मजुरी मिळत असताना खडी फोडण्यास कोण जाणार? जे उरत, त्यांना बहुधा शेतात काम मिळालेले नसे.

दोन कायद्यांत एक मूलभूत फरक आहे, हेही नमूद करावयास हवे. 1948 च्या कायद्याने माणसाला त्याचे स्वतःचे काम करण्यास मनाई केली होती. 2025 चा कायदा कोणालाही काम करण्यापासून रोखत नाही. त्या साठ दिवसांत सरकारी काम उघडले जाणार नाही, एवढेच. त्यामुळे सागरचा निकाल त्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. मात्र त्या निकालात ज्या वृद्ध स्त्रीचा विचार झाला, ती दोन्हीकडे तीच आहे. रोजगार हमीच्या कामांवर देशभरात निम्म्याहून अधिक मनुष्यदिवस स्त्रियांचे होते. गव्हाच्या कापणीला जेथे यंत्र येते, तेथे सुगीतही त्यांना शेत बोलावीलच असे नाही.

हे साठ दिवस कोणते, हे राज्य सरकारांनी ठरवावयाचे आहे. स्थानिक हवामान आणि पिके पाहून निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळे दिवस जाहीर करण्याची मुभा कायद्यात आहे. सिहोऱ्यासारख्या भागात भाताची लावणी पावसाळ्याच्या आरंभी, त्याची कापणी दिवाळीच्या सुमारास, पाठोपाठ गव्हाची पेरणी आणि मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची काढणी. यांपैकी कोणते आठवडे निवडले जातात, यावर येथील अनेक घरांची त्या वर्षीची मिळकत अवलंबून राहील.