जुन्या गाडीला नवे पांघरूण

माणसाचे आणि मोटारीचे म्हातारपण आधी डोक्यावर दिसते. कुठल्याही सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये जाऊन पाहावे. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचे दरवाजे बरे असतात, कारण त्यांच्यावर ऊन तिरपे पडते. टप आणि बॉनेट मात्र सूर्यासमोर सरळ उताणे. तिथला रंग आधी चमक सोडतो, मग खडूसारखा हाताला लागतो. ज्या गाड्यांना रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, त्या तर कात टाकू लागतात. इंजिन ठणठणीत असते, पण लोक गाडीकडे पाहून विचारतात, ‘अजून चालवता?’

आमच्याकडची मारुती ८०० ही १९९८ सालची. वडिलांनी घेतलेली, पांढरी. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. आईला उंच गाड्यांत चढता येत नाही, आणि हिच्या पुढच्या सीटवर ती स्वतः बसते, स्वतः उतरते. गाडी ठेवण्याचे माझे कारण एवढेच होते. दादाचे म्हणणे, ‘भंगारात दे.’ गॅरेजवाल्याने पत्रेकाम, लांबी आणि रंग मिळून पंचेचाळीस हजारांचा अंदाज दिला होता. तेवढी त्या गाडीची किंमतही येणार नाही. हिशेबात दादा चुकत नव्हता.

अशा वेळी हल्ली तिसरा मार्ग सुचवला जातो: गाडी न रंगवता तिला विनाइल चढवायचे. ‘रॅपिंग’ म्हणतात त्याला. नाव नवे वाटते, वस्तू जुनीच आहे. प्लास्टिसायझर घालून पीव्हीसी लवचिक करण्याची युक्ती वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला १९२६ मध्ये सापडली. आपल्याकडे गल्लीतला ‘रेडियमवाला’ रिक्षांवर देवाची नावे आणि स्कूटरवर मुलांची नावे कापून चिकटवत आला, तेही विनाइलच. त्यात रेडियमचा कणसुद्धा नसतो. बसवर अंगभर जाहिरात असते, तेही तेच.

पण रंगाऐवजी विनाइल वापरण्याला बळ आले ते जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांमुळे, हे मला फार आवडते. तिथे १९७१ पासून टॅक्सीला फिका हस्तिदंती रंग ठरवून दिलेला. असली गाडी पुढे विकायला काढली की घरगुती गिऱ्हाईक नाक मुरडणार. तेव्हा त्यांनी काळी, निळी अशी हवी ती गाडी घ्यायची, वरून हस्तिदंती विनाइल चढवायचे आणि विकताना ते सोलून टाकायचे, असे सुरू केले. खालचा रंग नव्यासारखा. म्हणजे विनाइलचा मूळ उपयोग चांगल्या रंगाचे रक्षण हा होता. वाईट रंग झाकणे हा नव्हे. जुन्या गाडीला विनाइल लावू पाहणाऱ्याने ही गोष्ट घट्ट धरून ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

विनाइल पत्र्याला चिकटत नाही, रंगाला चिकटते. रंग पत्र्याला धरून असेल तर विनाइल टिकते. रंगच सुटत असेल तर त्याच्याबरोबर तेही सुटते. याची परीक्षा दोन रुपयांत होते. मास्किंग टेप दाबून चिकटवायची आणि झटक्यात ओढायची. टेपला रंग आला, तर त्या भागाला विनाइल नाही. भाच्याला बरोबर घेऊन मी संपूर्ण गाडीवर ही टेप फिरवली. टप खडूसारखा झालेला, पण रंग पक्का. बॉनेटही तसेच. दरवाजे उत्तम. मागच्या उजव्या मडगार्डवर मात्र टेपबरोबर तळहाताएवढा पापुद्रा आला, खाली जाड लांबी, आणि लांबीखाली गंज. २००६ मध्ये कुणीतरी ठोकल्यावर एका गॅरेजने ते काम केले होते. अठरा वर्षे ते आमच्या डोळ्यांसमोर पांढरेशुभ्र उभे होते.

भाचा म्हणाला, ‘आत्या, वरून चिकटवून टाकू, कुणाला दिसणार आहे?’

दिसणार नाही, हे खरेच. गंजावर विनाइल चढवले की ओल आत अडकते आणि पत्रा निवांतपणे खात बसते. वर्ष-दोन वर्षांनी फुगा आला की कळते, तोवर भोक पडलेले असते. मडगार्डपुरते हे सौंदर्याचे प्रकरण आहे; पण दरवाजाखालची पट्टी आणि चाकांच्या आतला पत्रा हे गाडीचे हाडच. ते खाल्ले गेले तर अपघातात आतल्या माणसाला कोण वाचवणार? जुन्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा आर.टी.ओ.त तपासणी होते. त्या तपासणीपासून आणि उद्याच्या गिऱ्हाइकापासून गंज लपवण्यासाठी विनाइल वापरणारे लोक आहेत. चकचकीत रॅप केलेली जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर आधी वाकून खालची कड पाहावी, हे मी सगळ्यांना सांगते.

आम्ही मडगार्ड आणि दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्या पत्रेवाल्याकडे दिल्या. त्याने गंजका भाग कापून नवा पत्रा जोडला, प्रायमर मारला, रंग दिला. चौदा हजार रुपये झाले. ताजा रंग पूर्ण वाळायला वेळ लागतो, आतला थिनर उडून जायच्या आत विनाइल लावले तर फोड येतात. म्हणून महिनाभर थांबलो. ‘रंग की विनाइल’ हा वादच मला तेव्हापासून पोकळ वाटतो. जिथे पत्रा आजारी तिथे पत्रेवाला, जिथे फक्त कातडी निस्तेज तिथे विनाइल.

मग संपूर्ण रंग घरीच का नाही मारला? कारण टिकाऊ रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, आणि त्यांची फवारणी फुप्फुसांना घातक असते. बंद बूथ आणि योग्य मास्कशिवाय तो उद्योग सोसायटीच्या आवारात, मुले खेळतात तिथे, करायचा नसतो.

रंग कोणता, यावर घरात दोन रविवार गेले. भाच्याला मॅट ऑलिव्ह ग्रीन हवा होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही गाडी त्या रंगात रंगवता येत नाही. दुसरा कुठलाही रंग घ्यायचा तर आर.सी.वर रंग लिहिलेला असतो, तो बदलून घ्यावा लागतो. आम्ही पांढऱ्यावर पांढरेच ठरवले. भाचा दोन दिवस बोलत नव्हता.

नाना पेठेत विनाइल आणायला गेले तेव्हा दोन जाती कळल्या. एक पोळीसारखी, रोलरमधून लाटलेली. मैद्याची पोळी लाटल्यावर कशी आक्रसते, तसे हे विनाइलही उन्हात कडांनी मागे सरते. दुसरी घावनासारखी, ओतून भाजलेली. तिच्यात ताण नसतो, म्हणून ती गोलाईवर बसते आणि बसलेली राहते. ही महाग. सपाट पाटीसाठी पहिली चालते, गाडीसाठी दुसरीच घ्यावी. रुंदी १.५२ मीटर. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर, म्हणजे बॉनेट आणि टप सांध्याशिवाय एका तुकड्यात होतात. मोठ्या गाडीवाल्यांना हे सुख नाही. पंधरा मीटर घेतले. विनाइल आणि हत्यारे मिळून तेवीस हजार.

डिसेंबर २०२४ मधले चार दिवस आम्ही यात घालवले. थंडीतली सकाळ आणि सावली हवी, कारण तापलेल्या पत्र्यावर गोंद लगेच पकडतो आणि परत उचलू देत नाही. त्या चारांतले दोन दिवस निव्वळ धुण्यात गेले. वर्षानुवर्षे लावलेल्या पॉलिशचे सिलिकॉन रबरांच्या फटीत बसलेले असते. शॅम्पू, मग चिकणमातीसारखी क्ले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. दिवे, वायपर, दरवाजांची हँडल काढली. एक कण राहिला तरी पांढऱ्यावर मुरमासारखा उठतो.

आई खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, ‘जूनमध्ये तुमच्या पुस्तकांना कव्हरं घालायचे, तसंच आहे की.’ तसेच आहे, फक्त कोपऱ्यांचा कायदा उलटा. पुस्तकाचा कोपरा दुमडून घडी घालायची. इथे घडी पडली की संपले. विनाइल चौघांनी चार बाजूंनी ताणून अधांतरी धरायचे, मधून बाहेर फेल्ट लावलेल्या पट्टीने दाबत जायचे, सुरकुती आली की ओढायचे नाही, उचलायचे, हीट गनने जरा ऊब द्यायची. ते आपोआप सपाट होते. विनाइलला स्मरणशक्ती असते असे कारागीर म्हणतात. ताणलेले विनाइल मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते, म्हणून शेवटी कडा नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापवून ती स्मृती पुसावी लागते. फार तापवले तर पीव्हीसी जळून विषारी वायू निघतो, तेव्हा हे काम उघड्यावरच करावे. ब्लेड कधीही रंगावर चालवायचे नाही. दोरा असलेली पट्टी मिळते, ती खाली चिकटवून दोरा ओढला की विनाइल सरळ कापले जाते. आणि दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्याची बारीक भोके असतात, ती झाकायची नाहीत. ती बुजली की आतून गंज, म्हणजे पुन्हा मागचे पाढे पंचावन्न.

बंपर सर्वांत अवघड. ते आम्ही गल्लीतल्या रेडियमवाल्या काकांना दिले. त्यांनी ते दोन तासांत केले आणि आमच्या बॉनेटकडे बघून फक्त ‘हं’ म्हणाले.

विनाइलने सारे झाकले जाते ही समजूत सोडून द्यावी. चकचकीत विनाइलखाली नखाला लागणारा प्रत्येक ओरखडा दिसतो. पोचे तर रंगापेक्षा ठळक दिसतात. आणि आपल्या उन्हात टप-बॉनेटवरचे विनाइल दोन-तीन वर्षांत उतरवावे लागते, दरवाजांवरचे त्याच्या दुप्पट टिकते. उतरवायला आळस केला तर ते कडक होऊन नखाएवढ्या तुकड्यांनी निघते आणि गोंद मागे राहतो. उतरवलेले विनाइल कचऱ्यातच जाते, हेही मला खटकते. माझ्याकडे कापलेल्या तुकड्यांची पिशवी अजून पडून आहे.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघाला. बॉनेटची डावी कड मे महिन्यात बोटभर उचलली, ती तापवून परत बसवली. मडगार्ड आणि खालच्या पट्ट्यांवर आम्ही मुद्दाम विनाइल लावले नाही. पावसाळ्यानंतर वाकून बघता येते. तिथला पांढरा किंचित पिवळट दिसतो. दादाने आल्याबरोबर तोच दाखवला. मग आईला घेऊन गाडीतून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारून आला आणि विचारू लागला, तीन मीटर उरलेत ना, त्यात काय काय होईल?