ज्ञानाच्या सार्वजनिक कोठाराची राखण

संस्था काढणें सोपें, ती चालविणें कठीण, हा अनुभव आपल्याकडील प्रत्येक गांवाला आहे. ग्रंथालय उघडण्याच्या दिवशीं हारतुरे असतात, अध्यक्षांचें भाषण असतें, आणि पहिल्या वर्षाची वर्गणीही चुकत नाहीं. पुढें मात्र पुस्तकांना कसर लागते, छत गळूं लागतें, मासिकांचीं पानें फाडलेलीं आढळतात, आणि किल्ली कोणाकडे आहे हेंही कोणास ठाऊक नसतें. जी संस्था वीस वर्षें टिकते ती हारतुऱ्यांमुळें टिकत नाहीं. गळतीखालीं रात्रीं भांडें ठेवणारा आणि सकाळीं तें रिकामें करणारा कोणी एक मनुष्य तेथें असतो, म्हणून टिकते. आज ज्या ग्रंथालयाविषयीं आम्ही लिहीत आहोंत त्यास भिंती नाहींत, छत नाहीं आणि किल्लीही नाहीं; तथापि हा नियम त्यासही तंतोतंत लागू पडतो. तें ग्रंथालय म्हणजे आंतरजालावरील मराठी विकिपीडिया होय.

विकिपीडिया हा विश्वकोश इंग्रजींत १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं झाला. आमच्या हिंगोली जिल्ह्याचा जन्मदिवसही १ मे हाच. परभणीपासून तो इ. स. १९९९ मध्यें वेगळा झाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध करण्यासाठीं कंपनी उभारून भागभांडवल जमविलें, हें ज्येष्ठ वाचक जाणतातच. त्या प्रचंड कार्याचा भार मुख्यतः एका विद्वानाच्या निग्रहावर होता. या नव्या कोशाची रचना अगदीं उलट आहे. येथें प्रधान संपादक नाहीं, लेखकांस मानधन नाहीं, आणि लेखाखालीं कोणाचें नांवही छापलें जात नाहीं. जो येईल तो लिहितो, जो पाहील तो सुधारतो. यंत्रांची व्यवस्था विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेंतील धर्मादाय संस्था लोकांच्या देणग्यांवर करते; मराठी मजकुराची जबाबदारी मात्र सर्वस्वी स्वयंसेवकांची आहे. अशा रीतीनें लाखाच्या आसपास लेख जमले आहेत.

ज्या घराचें दार अहोरात्र उघडें, त्यावर संकटें येणारच. आमच्या मतें तीं चार प्रकारचीं आहेत: यंत्रें बंद पडणें, बाहेरून हल्ला होणें, आंत शिरून कोणी नासधूस करणें, आणि राखण करणारी माणसें थकणें. या चारांचा क्रमानें विचार करूं.

प्रथम यंत्रें. इ. स. २००५ च्या फेब्रुवारींत फ्लोरिडांतील टँपा शहरीं, जेथें विकिपीडियाचीं बहुतेक मुख्य यंत्रें होतीं, सर्किट ब्रेकर पडून वीजपुरवठा एकाएकीं तुटला. वीज जाण्याचें मराठवाड्यांतील वाचकांस नवल तें काय! परंतु तेथें नुकसान केवळ अंधाराचें नव्हतें. लिहितां लिहितां यंत्रें बंद पडल्यामुळें अनेक सर्व्हरांवरील नोंदी बिघडल्या. शाबूत राहिलेल्या प्रतीवरून पुढें सर्वांची पुनर्रचना करावी लागली. त्या काळीं संस्थेपाशीं पगारी माणसें जवळजवळ नव्हतींच. हें जागरण मुख्यतः स्वयंसेवकांनीं केलें. पुढें २४ मार्च २०१० रोजीं युरोपांतील यंत्रागार अतिशय तापलें आणि तेथील यंत्रें स्वसंरक्षणार्थ आपोआप बंद झालीं. अशा प्रसंगीं वाचकांस फ्लोरिडाकडे वळविण्याची योजना आधींच तयार होती. परंतु ती वळविणारी यंत्रणाच ऐन वेळीं बिघडली, आणि युरोपाची अडचण सर्व जगाची झाली. ६ ऑगस्ट २०१२ रोजीं दोन यंत्रागारांस जोडणाऱ्या तारा तुटल्या व पुन्हां कांहीं काळ सर्व ठप्प झालें. रस्ता खणतांना तार तुटून साऱ्या पेठेचें आंतरजाल बंद पडण्याचा प्रकार आमच्याकडेही घडतो. तेव्हां या बाबतींत अमेरिका आणि हिंगोली यांत फारसा भेद नाहीं.

या तीन अपघातांचा बोध एकच. आणीबाणीची सोय करून ठेवणें ही एक गोष्ट, आणि ती सोय खरोखर चालते कीं नाहीं हें अधूनमधून पाहणें ही दुसरी. विहिरीवरचा दोर मजबूत आहे असें सर्वजण सांगतात; परंतु घागर भरून तो ओढल्याशिवाय त्याची परीक्षा होत नाहीं. आतां विकिपीडियाचीं मुख्य यंत्रागारें दोन आहेत, एक व्हर्जिनियांत व दुसरें टेक्ससमध्यें. वर्षांतून दोनदां, मार्च आणि सप्टेंबरांतील विषुवदिनांच्या सुमारास, कांहींही बिघडलेलें नसतांना सर्व कारभार एकाकडून दुसऱ्याकडे मुद्दाम हलविला जातो. त्या वेळीं चार दोन मिनिटें लेखन थांबतें. वाचन चालूंच राहतें. दिवस व रात्र समान होण्याच्या सुमारास दोन यंत्रागारांनीं आपला भार बदलावा, हा योग आम्हांस मोठा मनोहर वाटला.

दुसरें संकट हल्ल्याचें. ६ सप्टेंबर २०१९ रोजीं, आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले असतां, विकिपीडियावर परक्या यंत्रांकडून मागण्यांचा असा लोट आला कीं, युरोपांतील व मध्यपूर्वेंतील अनेक देशांत पानेंच उघडेनात. कित्येक तास ही स्थिति राहिली. अशा हल्ल्यांत चोर कपाट फोडीत नाहीं. पोस्टाच्या खिडकीसमोर हजारों रिकामटेकडे लोक रांग धरून उभे राहिले, प्रत्येकानें एकेक निरर्थक प्रश्न विचारिला, आणि पेन्शनसाठीं आलेल्या वृद्धास खिडकीपर्यंत पोहोंचतांच आलें नाहीं, तर जें होईल तेंच येथें होतें. यावर उपाय म्हणजे खोट्या रांगेंतील माणसें दूर रस्त्यावरच ओळखून परतविणें, आणि खिडक्या अनेक ठिकाणीं उघडणें. या हल्ल्यानंतर क्रेग न्यूमार्क यांच्या धर्मादाय संस्थेनें संरक्षणाच्या कामासाठीं २५ लक्ष डॉलरांची देणगी दिली. आशियांतील वाचकांसाठीं इ. स. २०१८ पासून सिंगापूर येथेंही एक खिडकी आहेच.

या रांगेंत उभीं राहणारीं यंत्रें येतात कोठून, हें कुटुंबवत्सल वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावें. इ. स. २०१६ मध्यें 'मिराई' नांवाच्या दुष्ट प्रोग्रॅमनें लोकांच्या घरांतील कॅमेरे आणि राउटर आपल्या कह्यांत घेतले, आणि त्यांच्याच साह्यानें त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील अनेक प्रसिद्ध संकेतस्थळें बंद पाडलीं. त्या उपकरणांचा दोष एवढाच कीं, कारखान्यांतून आलेला पासवर्ड त्यांच्या धन्यांनीं कधीं बदलला नव्हता. म्हणजे आपल्या दिवाणखान्यांतील यंत्र, आपल्या नकळत, दुसऱ्याचें ग्रंथालय लुटणाऱ्यांच्या टोळींत सामील होऊं शकतें. घरांतील राउटरचा पासवर्ड बदलणें हें काम नातवास सांगितलें तर पांच मिनिटांत होतें. आणि तें सार्वजनिक कर्तव्य आहे.

तिसरें संकट आंतील नासधुशीचें. मराठी विकिपीडियावर त्यास 'उत्पात' असा अन्वर्थक शब्द आहे. कोणी थोर पुरुषाच्या चरित्रांत शिवी लिहितो, कोणी आपल्या दुकानाची जाहिरात घुसडतो, कोणी सारें पान पुसून टाकतो. यावरची योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक पानाचा 'इतिहास' राखला जातो. कोणत्या क्षणीं, कोणत्या खात्यावरून, कोणतें अक्षर बदललें हें त्यांत दिसतें, आणि पूर्वीचें पान एका कळीसरशीं परत आणतां येतें. बिघडविण्यास जेवढे श्रम त्याहून दुरुस्तीस कमी श्रम पडावेत, हें तत्त्व ज्यानें बसविलें त्यानें मनुष्यस्वभाव चांगला ओळखला होता. 'अलीकडील बदल' या पानावर कांहीं सदस्य नियमानें गस्त घालतात. वारंवार उपद्रव करणाऱ्यास प्रचालक प्रतिबंध करितात, आणि वादाचें पान कांहीं काळ सुरक्षित करून ठेवितात. पुनःपुन्हां करावयाच्या यांत्रिक कामांस 'सांगकाम्या' आहे, नवशिक्यांच्या सरावासाठीं 'धूळपाटी' आहे, आणि सर्वांनीं बसून विचार करण्यासाठीं 'चावडी' आहे. हे शब्द कोणी योजिले असतील ते असोत. जुन्या पंतोजींच्या शाळेंतील धूळपाटी नव्या विद्येंत पुन्हां अवतरली, याचा आम्हां शिक्षकांस मनापासून संतोष वाटतो.

येथें एक आक्षेप आमचे समवयस्क स्नेही नेहमीं घेतात. ज्यांत कोणीही लिहावें तें विश्वसनीय कसें? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर त्या कोशाच्या नियमांतच आहे. तेथें लिहिणाऱ्याची विद्वत्ता विचारीत नाहींत, आधार विचारितात. विधान कोणत्या प्रकाशित ग्रंथावरून केलें, हें खालीं द्यावें लागतें. आधार नसेल तर वाचकानें संशय धरावा, आणि साधेल तर स्वतः आधार शोधून द्यावा. छापील ग्रंथांतही चुका असतात. भेद इतकाच कीं, त्या दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहत बसतात.

चौथें संकट सर्वांत सूक्ष्म आणि म्हणून सर्वांत घातक होय. इ. स. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लक्ष आहेत. या कोशाची नियमितपणें राखण करणारे मात्र त्या मानानें फारच थोडे. दिवसाची नोकरी करून, रात्रीं दोन घटका तेथें बसून, अनोळखी माणसाची शिवी पुसावयाची आणि त्याबद्दल पुन्हां त्याचीच शिवी खावयाची, हें किती दिवस चालावें? शिवाय सज्जनांचे आपसांतील वाद निराळेच. शुद्धलेखनावरून, नांवाच्या रूपावरून, कोणाचा लेख ठेवावा आणि कोणाचा गाळावा यावरून कडाक्याचीं भांडणें होतात, आणि एके दिवशीं एखादा चांगला माणूस मुकाट्यानें निघून जातो. वीज गेली तर परत येते. असा मनुष्य बहुधा येत नाहीं. म्हणून ज्या संस्थेस टिकावयाचें तिनें पहारा वांटून द्यावा, एकाच खांद्यावर सारा भार ठेवूं नये, किल्ल्या एकाहून अधिक विश्वासू हातीं असाव्यात, आणि उपकाराचे दोन शब्द वेळेवर बोलावेत. एकत्र कुटुंब चालविणाऱ्या घरांतील वडील मंडळींस हें आम्हीं सांगावयास नकोच.

आतां रक्षणाचा मूलमंत्र पाहूं. आपल्या पूर्वजांनीं वेदसंहिता लेखनावर न विसंबतां राखली. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा अनेक रीतींनीं तींच पदें म्हटलीं जात. क्रमांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशा जोड्या. जटेंत तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हां सुलट. एका पाठांत चूक शिरली तर दुसरा पाठ ती तत्काळ दाखवी. आमच्या जिल्ह्यांतील नरसी हें परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानिलें जातें; त्या नामदेवांचीं ६१ पदें आज दूर पंजाबांत शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत सुरक्षित आहेत. जें अनेक ठिकाणीं, अनेकांच्या हातीं असतें तें एका ठिकाणच्या आगीनें जळत नाहीं.

याच न्यायानें मराठी विकिपीडियाचा संपूर्ण मजकूर कोणासही विनामूल्य उतरवून घेतां येतो, आणि मूळ लेखकांचें श्रेय राखून पुन्हां प्रसिद्धही करतां येतो. 'किविक्स' नांवाच्या प्रोग्रॅमच्या साह्यानें तो सारा कोश एका पेनड्राइव्हवर मावतो, व आंतरजाल नसतांही वाचतां येतो. औंढा, सेनगांव, कळमनुरी या बाजूंच्या खेड्यांतील ज्या शाळांत आंतरजालाचा भरंवसा नाहीं, तेथें ही सोय किती मोलाची आहे! याचें महत्त्व ऑक्टोबर २०२४ मध्यें जगास विशेष पटलें. जुन्या ग्रंथांचें प्रचंड भांडार असलेल्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेवर तेव्हां हल्ला झाला; सुमारें ३ कोटी १० लक्ष सदस्यखात्यांची माहिती चोरीस गेली, आणि तें संकेतस्थळ कित्येक दिवस बंद ठेवावें लागलें. कितीतरी दुर्मिळ मराठी पुस्तकांच्या प्रती तेथेंच पाहावयास मिळतात. ज्याच्यापाशीं दुसरी प्रत नव्हती त्याचा अभ्यास तेवढे दिवस थांबला.

तेव्हां सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें? आपल्या गांवाचा लेख उघडून पाहावा, आणि चूक असल्यास आधारासह सुधारावी. घरच्या कपाटांतील जुने ग्रंथ कसरीच्या स्वाधीन न करितां त्यांचा आधार म्हणून उपयोग करावा. ज्या लेखकांच्या निधनास ६० वर्षें होऊन गेलीं, त्यांचे ग्रंथ 'विकिस्रोत' या भावंड-प्रकल्पांत टंकित करून ठेवण्यासही कायद्याची हरकत नाहीं. आजोबांनीं मजकूर सांगावा, सुनेनें वा नातीनें तो टंकावा, आणि आजीनें शुद्धाशुद्ध पाहावें. आठवड्यांतून एक घटका गस्तीस दिली तरी पुरे. थेंबे थेंबे तळें सांचतें. आणि कोणी अनोळखी मनुष्य आपली चूक सुधारील तर त्यावर न रागावतां त्याचे आभार मानावेत.

भाषेचें वैभव सभांतील ठरावांनीं वाढत नाहीं. तिच्या कोठाराचें दार रात्रीं वाऱ्यानें उघडलें तर उठून तें लावणारी माणसें जोंपर्यंत तिच्या घरांत आहेत, तोंपर्यंत तिला भय नाहीं. अशा माणसांत आपल्या घरचें एक तरी नांव असावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.